पाठीसाठी शिरा

मी एकदा एका शेळीसाठी चौरंग मांडला, दाराला आंब्याच्या पानांचं तोरण लावलं, सव्वा मापाचा शिरा केला आणि गल्लीतल्या बायकांना संध्याकाळी या म्हणून बोलावणं केलं. शेळी येणार आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. ते मलाच कळलं नव्हतं.

हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात ही गोष्ट माझ्याआधी दुसरंच कुणीतरी सांगायला घेतं आणि दरवेळी शिऱ्यातलं तूप वाढत जातं. नातीच्या तोंडून ऐकाल तर मी त्या शेळीला ओवाळलंसुद्धा. ओवाळलं नव्हतं. कुंकू लावलं होतं, आणि तेही मी नाही. सगळं नीट क्रमानं सांगते.

लग्न होऊन मी बऱ्हाणपुरात आले ती पुण्याहून. माझे वडील तिथं एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. सासरचे लोक कागद कारखान्यातले. म्हणजे कागद करणाऱ्यांच्या घरात कागदावरच्या चुका काढणाऱ्याची मुलगी पडली. वडिलांची लाल शाई माझ्या अंगात इतकी मुरली होती की समोरचा माणूस बोलायला लागला की माझ्या मनात आपोआप खुणा पडत. इथली माणसं मराठीत शिरतात आणि हिंदीतून बाहेर पडतात, मधे खानदेशात पाणी प्यायला थांबतात. कुणी म्हणालं, ‘गाडी येऊन राहिली’, की मी मनात लिहायची, ‘येत आहे’. कुणी ‘मले’ म्हणालं की ‘मला’. समोरचा काय सांगतोय ह्याकडे लक्ष द्यायला मग वेळ कुठून मिळणार? पण त्या वेळी मला वाटायचं, ह्या गावाला माझी फार गरज आहे.

आमचं घर राजपुऱ्यात. घर म्हणजे तीन खोल्या, पुढं ओटा, दारातून आत आलं की ओसरी, मागं आड असलेलं अंगण, आणि ह्या सगळ्यावर सासूबाईंचा एक नियम: दारात आलेल्याला ‘कोण?’ असं विचारायचं नाही, ‘जेवलास का?’ असं विचारायचं. हा नियम माणसांपुरता असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण गावातल्या चार पायांच्या आणि दोन पंखांच्या मंडळींनाही तो कुणीतरी कळवला होता.

एक लंगडा कुत्रा होता. त्याचं नाव लंगडाच. सासूबाई जनावरांना नावं ठेवत नसत, ओळख ठेवत. हा लंगडा सहा दिवस आमच्या उंबऱ्यावर आडवा असे आणि रविवारी सकाळी उठून इतवाऱ्याच्या बाजारात चालता होई, दिवेलागणीला परत. रविवार हे त्याला कोण सांगतं? मला हा प्रश्न इतका छळायला लागला की एका रविवारी मी पिशवी घेतली आणि भाजीच्या निमित्तानं त्याच्या मागोमाग निघाले. तो मटणाच्या दुकानाकडे जाईल असा माझा कयास होता. तो गेला एका बांगडीवालीच्या हातगाडीखाली, तिथं सावलीत बसला आणि दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघत राहिला. खायला काही मिळालं नाही, त्यानं मागितलंही नाही. नुसता बाजार बघायला गेला होता. मीही तेच करत होते म्हणा.

एक कोंबडी होती, ती कायमची खुडूक. उबवायला अंडी नसली की ती कांद्यांवर बसे, बटाट्यांवर बसे, एकदा ह्यांच्या दाढीच्या वाटीवर बसली आणि तीन वेळा हाकलूनही उठेना. हे तसेच वाढलेल्या दाढीनिशी कामावर गेले. एक मोकाट गाय भाकऱ्यांच्या वेळेला यायची आणि शिंगानं दाराची कडी वाजवायची. मी पहिल्यांदा ती कडी ऐकून पदर सावरून दार उघडलं होतं आणि ‘या, बसा’ म्हणाले होते.

आणि भाटी. तिची गोष्ट वेगळीच. सासूबाई नणंदेकडे भुसावळला जायला निघाल्या तेव्हा घराची जबाबदारी पहिल्यांदाच माझ्या एकटीवर आली. रिक्षात बसता बसता त्या म्हणाल्या, ‘‘भाटी बाळंतीण शे, तिच्या दुधाकडं लक्ष देजो.’’ मी ‘आहे’ आणि ‘दे’ अशा दुरुस्त्या मनात केल्या आणि वाटीभर दूध आणि डिंकाचे लाडू घेऊन भाटीबाईंचं घर विचारत गल्लीभर फिरले. शेवटी शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या भाभींनी माझा हात धरून मला माझ्याच घरात आणलं, गोदड्यांची चळत दाखवली आणि म्हणाल्या, ‘‘ये रही तुम्हारी भाटीबाई. लड्डू खाएगी कि नहीं, ये उसी से पूछ लो.’’ गोदड्यांमध्ये मांजरी होती आणि तिची पिल्लं. इकडे मांजरीला भाटी म्हणतात.

आता एवढं झाल्यावर शहाणं माणूस काय करेल? कळला नाही तो शब्द विचारून घेईल. मी काय केलं? भाटी हा शब्द शिकले आणि आता ह्या गावची भाषा मला आली असं समजून चालले.

त्याच आठवड्यात समोरच्या जिजी आल्या. जिजी म्हणजे तापीकाठच्या केळीवाल्या शेतकऱ्याच्या घरातली लेक, राजपुऱ्यात दिलेली, आता एकटी. त्यांची एकुलती मुलगी रावेरकडे नांदत होती. पहिलंच बाळंतपण, दिवस भरत आलेले.

ओट्यावर टेकत जिजी म्हणाल्या, ‘‘सूनबाई, डॉक्टर म्हणतो पोरीला हलवू नका. मग आता मीच जाऊन राहिली रावेरला. तवर आमची पाठ तुमच्या घरी बसवू का?’’

माझ्या मनात लाल रेघ पडली. ‘आमचा’ पाठ. पाठ हा शब्द पुल्लिंगी. पण इकडची माणसं लिंगाच्या बाबतीत उदार आहेत, चालायचंच. मला वाटलं, मुलीची सुटका नीट व्हावी म्हणून जिजींनी घरी पोथीचा पाठ धरला असणार. आता गावाला जायचं तर तो मधेच मोडायला नको, म्हणून माझ्याकडे चालू ठेवायचा. किती विश्वासानं आल्या होत्या बिचाऱ्या!

‘‘बसवा की,’’ मी म्हणाले. ‘‘त्यात विचारायचं काय?’’

‘‘माझ्या आईपासून चालत आलेली शे बाई,’’ जिजींचे डोळे भरले. ‘‘मला बाळ झालं तवा आईनं दिली. आता मी माझ्या पोरीला द्यायची. एवढी एकच राहिली. खंड पडू देऊ नको.’’

आईकडून मुलीला दिलेली पोथी! मी मनातच हात जोडले.

‘‘नाही पडू देणार,’’ मी शब्द दिला. ‘‘नियम काय काय आहेत?’’

‘‘नियम कशाचे? सकाळ-संध्याकाळ पाला टांगी दिला की झालं.’’

मी परत मनात दुरुस्ती केली. पाला म्हणजे तुळस-बेल. टांगी म्हणजे ‘टाकी’, म्हणजे टाकून. सकाळ-संध्याकाळ पोथीवर तुळस-बेल वाहायचा. इतकं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौरंग मांडून झाला, त्यावर माझ्या लग्नातलं रेशमी वस्त्र, समोर रांगोळी, समया, दाराला तोरण. शिऱ्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला होता. बायका सतरंजीवर बसल्या होत्या. शेजारच्या भाभीही डोक्यावरून पदर घेऊन पहिल्या रांगेत. लंगड्याला उठायला सांगितलं होतं, तो उठला नव्हता. त्याला ओलांडून सगळ्या आत आल्या होत्या.

तेवढ्यात जिजी आल्या. एका हातात प्रवासाची पिशवी, दुसऱ्या हातात दोरी. दोरीच्या टोकाला शेळीचं एक मोठंसं पिल्लू, तपकिरी, कानांवर पांढरे ठिपके. बाहेर गाडी थांबलेली, गाडीवाला भोंगा वाजवत होता. जिजींनी घाईघाईत दोरी ओसरीच्या खांबाला बांधली, चौरंग पाहिला, बायका पाहिल्या.

‘‘तुमच्याकडं काही कार्य शे का आज? मग मी भलत्या वेळीच आली.’’ त्यांनी शिरा हातावर घेतला, तोंडात टाकला, ‘‘चांगला झाला हो,’’ म्हणाल्या, शेळीच्या मानेवरून हात फिरवला आणि गेल्या.

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी चौरंगाकडे बघत होते. चौरंगावर पोथी नव्हती.

मग त्या शेळीनं मान वर केली आणि मोठ्यानं म्हणाली, ‘‘में.’’

भाभी म्हणाल्या, ‘‘लो बहू, पाठ शुरू हो गया.’’

हसण्याचा असा लोट उठला की भाटीनं एकेक करून पिल्लं माळ्यावर नेली. मग कुणीतरी डोळे पुसत मला समजावलं: शेळीचं मादी पिल्लू, अजून व्यायलेली नाही अशी, तिला पाठ म्हणतात. ती पाठ. तो पाठ वेगळा. जिजींनी लिंगात काडीचीही चूक केली नव्हती. चूक काढणारीच चुकली होती. गल्लीतल्या सर्वांत वयस्कर आजी मात्र हसल्या नाहीत. त्या उठल्या, शेळीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, ‘‘आईची वस्तू लेकीला जाते आहे, मधे हिच्या घरी मुक्काम. चौरंग मांडला तर काय बिघडलं? आल्यासरशी एक आरती म्हणून घ्या गं.’’ आणि त्या सगळ्यांनी खरोखरच म्हटली. शेळीनं शांतपणे ऐकली.

हे दुसऱ्या पाळीवरून आले तेव्हा चौरंग तसाच होता, तोरण तसंच होतं आणि खांबाला शेळी. सगळं ऐकून घेतलं, हातपाय धुतले, उरलेला शिरा खाल्ला. मग पानावरून उठताना म्हणाले, ‘‘तोरण काढू नकोस. पाठ चालू आहे ना अजून.’’

म्हणून मी तोरण काढलं नाही. चौरंगही दाराशीच राहू दिला, अगदी हट्टानं. मला म्हणायचं होतं, हसा, खुशाल हसा, मी काही लाजलेले नाही. मी इतकी लाजले होते की चार दिवस दाराबाहेर पडले नाही, आणि शेळीबद्दल कुणाला काही विचारायची तर सोयच उरली नव्हती.

पाला मात्र सकाळ-संध्याकाळ टाकत होते. जिजींनी जाताना गाडीवाल्याकडून ओट्यावर भारा उतरवून ठेवला होता, बोरीचा, बाभळीचा. मी तो सोडायची, काटेरी फांद्या बाजूला काढायची, पानं निवडायची आणि केळीच्या पानावर पंगतीसारखी वाढायची. वर थोडं मीठ. तासाभरानं जाऊन बघावं तर पान स्वच्छ. मी खूश. कशी खाते बघा माझी पाठ! मग मला कळेना की रोज इतकं खाऊन हिची बरगडी का मोजता यावी. पोट का खपाटीला? मी स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीला डोळा लावून बसले.

आधी कोंबडी आली आणि पाल्यावर बसली, बहुधा अंडी समजून. मग कडी वाजली. मी दार आतून लावायला विसरले होते. ती मोकाट गाय शिंगानं दार ढकलून निम्मी आत आली, कोंबडीला नाकानं सारलं आणि सगळं पान चाटून पुसून खाल्लं, केळीच्या पानासकट. शेळी बाजूला उभी राहून तिच्याकडे बघत होती, जशा पाहुण्या बायका दुसरीचं ताट बघतात. एका पानालाही तिनं तोंड लावलं नव्हतं. आली त्या दिवसापासून ती उपाशी होती.

मग मी सुरू झाले. ज्वारीची भाकरी दिली, तिनं हुंगली आणि तोंड फिरवलं. गूळ दिला. केळीची सालं दिली, बऱ्हाणपुरातल्या शेळीनं केळीच्या सालीला नाही म्हणावं? हिनं म्हटलं. मी इतकी वैतागले की नवऱ्याला पाठवून गरम मावा जिलेबी आणवली. शेळीनं ती पायाखाली घेतली, लंगड्यानं ती उचलून नेली. त्या दिवसापासून लंगडा शेळीला सोडेना. तिच्या पाठीला पाठ लावून झोपायला लागला. भाटीनं पिल्लं पुन्हा खाली आणून ह्या दोघांच्या मधल्या ऊबदार खाचेत ठेवली. एवढी मंडळी जमली होती आणि ज्या एकीनं खायला हवं ती खात नव्हती.

मला अजून कुतूहल वाटतं की मी तेव्हा चिडायच्या ऐवजी तिच्यासमोर इतका वेळ बसून का राहायची. तिचे डोळे फार विचित्र होते. बाहुली आडवी, टपालपेटीच्या फटीसारखी. त्या फटीतून ती मला काय म्हणून बघत असेल? ती घराकडे तोंड करून कधीच बसत नसे, सदा समोरच्या जिजींच्या बंद दाराकडे. मी तिला तिथून हलवून पाहिली, ती फिरून पुन्हा तशीच. जनावरांचा डॉक्टर येऊन गेला. म्हणाला, रोग काही नाही, मन लागत नाही हिचं. मन कुठं लावायचं असतं त्याचं औषध त्यानं दिलं नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी ती उठेना. कान गार लागत होते. मी गळ्यातली दोरीच सोडून टाकली. पळून जाण्याइतकं बळ असतं तर मी साखर वाटली असती.

हे म्हणाले, ‘‘संध्याकाळी केळीचा ट्रक रावेरला जातो. ड्रायव्हर ओळखीचा आहे. जिजींना निरोप देऊ?’’

‘‘काय देणार? लेक आज-उद्या मोकळी होणार, आणि तुम्ही शेळी मरते आहे म्हणून या, असं सांगणार?’’

‘‘आणि न सांगता मेली तर?’’

निरोप दिला तर जिजी मुलीला अवघड वेळी सोडून येतील. नाही दिला तर त्यांच्या आईपासून चालत आलेली ती एकच राहिलेली पाठ माझ्या ओसरीवर संपेल, आणि मी खंड पडू देणार नाही असा शब्द दिलेला. तो शब्द पोथीसाठी दिला होता, पण शब्द तर दिलाच होता.

‘‘संध्याकाळपर्यंत थांबा,’’ मी म्हणाले. ‘‘ट्रक आला की मीच सांगेन काय निरोप द्यायचा तो.’’

हे कामावर गेले. मी भाकऱ्या थापायला बसले. गाय येऊन कडी वाजवून गेली, आज मी तिला दारातच भाकरी देऊन वाटेला लावली, दार मात्र उघडंच राहिलं. थोड्या वेळानं मला कुठून तरी आवाज आला. करकर, करकर, जसं कुणी भाजलेला पापड खातंय. मला वाटलं कोंबडी. मग वाटलं उंदीर. पिठाच्या हातानं उठून बाहेर आले.

शेळी चौरंगावर उभी होती. पुढचे दोन पाय दाराच्या चौकटीवर, मान ताणून वर केलेली, माझ्या रेशमी वस्त्रावर तिचे खूर. आणि ती माझं तोरण खात होती. सुकून कडक झालेली आंब्याची पानं, दोऱ्यासकट, एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे, अगदी शिस्तीत, एकेक शब्द वाचल्यासारखी. लंगडा खाली बसून वर बघत होता.

मी जागची हलले नाही. हलले तर थांबेल. ती अर्ध्या तोरणापर्यंत पोचली तेव्हा माझ्या डोक्यात जिजींचा शब्द वाजला. टांगी. पाला टांगी दे. टाकून नव्हे, टांगून! जिजींनी सरळ सांगितलं होतं, आणि मी तो शब्द दुरुस्त करून घेतला होता. हिला खाली पडलेलं, कुणी तुडवलेलं, कोंबडीनं बसून उबवलेलं खायचं नव्हतं. हिला मान वर करून, ओढून, तोडून खायचं होतं. झाडावरचं खातात तसं. मी तिचा इतके दिवस पाहुणचार करत होते आणि तिला हवं होतं झाड.

मग काय विचारता! मी दोरीवरचे कपडे काढून फेकले आणि तिथं बोरीच्या फांद्या अडकवल्या. खुंटीला बाभूळ, आडाच्या रहाटाला कडुनिंब, दाराला पुन्हा नवं तोरण, ह्या वेळी जाडजूड. काटे हाताला लागत होते, त्याचं भानही नव्हतं. शेळी ह्या फांदीकडून त्या फांदीकडे. डगमगत होती, पण जात होती. कोंबडी खुडूकपणा सोडून खाली पडलेले किडे टिपायला लागली. भाटी माळ्यावरून उतरून हा काय प्रकार म्हणून बघायला आली.

संध्याकाळी हे आणि ट्रक ड्रायव्हर एकदमच दारात आले. हे चौकटीखाली थांबून वर बघत म्हणाले, ‘‘मी कारखान्यातून घरी आलो, की कुणाच्या लग्नात?’’

ड्रायव्हर घाईत होता. ‘‘भाभी, क्या बोलना है रावेर में? जल्दी बोलो, माल गरम हो रहा है.’’

‘‘सांगा,’’ मी म्हणाले, ‘‘पाठ चालू आहे.’’

त्याला काही कळलं नसावं, पण त्यानं निरोप शब्दश: पोचवला हे मला नंतर समजलं.

पुढं सासूबाई भुसावळहून आल्या. रिक्षातून उतरल्या, दाराचं तोरण पाहिलं, अंगणातला मांडव पाहिला, शेळी पाहिली. कुणाची, कुठून, कशी, काही नाही. पिशवी खाली ठेवता ठेवता एवढंच विचारलं, ‘‘जेवली का?’’

‘‘जेवली,’’ मी म्हणाले. मला रडू का आलं कुणास ठाऊक. त्यांना भाटीबाईंची गोष्ट आधीच कुणीतरी भुसावळला पोचवली होती, हे त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यावरून दिसत होतं.

रोज नवं तोरण लावणारी सून गल्लीला दिसत होतीच. दोन-तीन घरांतून विचारणा झाली की हे कुठलं व्रत आहे, फळ कशाचं मिळतं. भाभी परस्पर सांगून टाकायच्या, ‘‘बकरीव्रत है. फल में दूध मिलता है.’’ आणि एका घरानं खरंच तोरण लावायला सुरुवात केली. त्यांचं तोरण ती मोकाट गाय खायची.

जिजी आल्या त्या दिवशी मी कडीचा आवाज ऐकून ‘हाड’ म्हणत दार उघडलं. समोर गाय नव्हती, जिजी होत्या. त्यांच्या मुलीला मुलगी झाली होती, दोघी सुखरूप. जिजी आत आल्या आणि पाठ त्यांच्या अंगावर अशी धावून गेली की जिजी ओसरीवर बसल्याच. तिच्या बरगड्या बोटांनी चाचपल्या, कान बघितले, तोंड उघडून बघितलं. मग वर टांगलेल्या फांद्यांकडे बघून मान हलवली. त्यांना सगळं बरोबर वाटलं. असंच तर त्या सांगून गेल्या होत्या. मी काही सांगणार नव्हते. पण मागोमाग भाभी आल्या, आजी आल्या, आणि शिऱ्यापासून जिलेबीपर्यंत काही शिल्लक ठेवलं नाही. जिजी आधी हसल्या नाहीत. माझ्या हातावरचे काट्यांचे ओरखडे त्यांनी उलटसुलट करून पाहिले. मग एकदम हसायला लागल्या, इतक्या की शेळीही दचकून दूर झाली.

त्याच दुपारी रावेरची गाडी आली. पाठ जिजींच्या नातीकडे निघाली. लंगडा उंबरा सोडून गाडीमागं गेला, त्याच्या तीन पायांनी, पार वेशीपर्यंत. तो दिवस रविवार नव्हता. अंधार पडायच्या आत परत येऊन तो चौरंगाखाली झोपला.

आता हे सगळं लिहिते आहे तर माझ्या अंगणात तिच्याच वंशातली एक उभी आहे. हिची आई, तिची आई, तिची आई, अशी मागं मागं गेलात की त्या तोरणखाऊपाशी पोचाल. नात मोबाइल घेऊन तिच्यासमोर बसली आहे आणि सांगते आहे, ‘‘आजी, इसकी आँखें देख ना, कैसी आडवी आहेत!’’ मी तिचं वाक्य दुरुस्त करत नाही. शेळी तिची ओढणी दोरीवरून ओढून खाते आहे, आणि मला बघायचं आहे की पोरीच्या लक्षात कधी येतं.

ही माझ्याकडे कशी आली, तर त्या दुपारीच ते ठरलं. गाडीचा भोंगा वाजत होता. जिजी पाठीला कवेत धरून बसल्या होत्या, मी खाली उभी. गाडी हलता हलता त्या वाकल्या आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘‘लेकीला दिली, आता हिला पहिली पाठ झाली की ती तुनी. पण आताच सांगी ठेवस बाई, चार पायनी शे. शिरा नको करजो!’’